उपासाच्या दिवशी वाढलेलं ताट

प्रिय अनया, प्रिय जोएल,

गेल्या रविवारी फोनवर बोलता बोलता जोएलने मला विचारलं, "आजी, नोकरीचं काम व्हावं म्हणून मी उपास धरलाय. किती दिवस धरला म्हणजे देव ऐकतो?" मागून अनया ओरडली, "आजी, हा फक्त नाश्ता सोडतो आणि दुपारी दुप्पट खातो." मीही हसले आणि "सांगते कधीतरी" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. जवळजवळ हाच प्रश्न मी शाळेत होते तेव्हा माझ्या आईला विचारला होता. तिने जे सांगितलं ते तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. कळलं ते पुढे, डोणगावात, एका घरी पानं वाढली गेली तेव्हा. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. मध्येच आवाज तुटतो, तुम्हाला कामावर जायचं असतं, आणि मला सगळं क्रमाने सांगायची खोड आहे. म्हणून लिहिते. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं आणि तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. पण आमच्या घरात देवाशी बोलणं आणि एकमेकांशी भांडणं ही दोन्ही कामं मराठीतच झाली, आणि ही गोष्ट त्या दोन्हींची आहे. अडलात तर तुमच्या आईला विचारा.

आम्ही तेव्हा बुलढाण्याजवळच्या धाड गावी राहत होतो. माझे बाबा प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. गावात ख्रिस्ती घरं थोडीच होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा बुलढाण्याहून यायचे, बाकीच्या रविवारी उपासना बाबाच चालवायचे. आमचं घर प्रार्थनामंदिराच्या मागेच होतं. एका ओळीत तीन खोल्या, वर पत्रे, पुढे ओटा. अंगणातल्या कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा तारेने टांगलेला होता आणि तीच आमची घंटा. रविवारी सकाळी बाबा लोखंडी कांबीने तो वाजवायचे. आवाज असा खणखणीत की बाजूच्या आळीतली कुत्री उत्तर द्यायची. घरात आई, बाबा, मी, माझा मोठा भाऊ दानिएल आणि बाबांची थोरली बहीण, मार्था आत्या. आत्या लवकर विधवा झाली होती. पुढे ती बायबलबाई म्हणून खेडोपाडी हिंडली होती, बायकांना गाणी शिकवायची, शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. गुडघे गेल्यावर ती आमच्याकडे आली. बाबा घरातसुद्धा पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायचे. आत्या मात्र देवाशीसुद्धा वऱ्हाडीतच बोलायची. "देवबापा, आता तूच पाह्य बाप्पा," अशी तिच्या प्रार्थनेची सुरुवात असे.

आमच्या घरी शुक्रवारी उपास असायचा. मोठी माणसं सकाळपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत. आम्हा मुलांना दुपारपर्यंतच धरायचा असे. त्या दिवशी सकाळी घर वेगळंच वाटायचं. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज नाही, भाकरी थापल्याचा नाही, फोडणीचा वास नाही. बाबांच्या घड्याळाची टिकटिक एरवी कधी ऐकू यायची नाही, ती त्या दिवशी ऐकू यायची. शाळेत माझी मैत्रीण यमू मला छळायची. "काय खाल्लं उपासाले? साबुदाना?" मी म्हणायचे, काही नाही. "भगर? शेंगदाने? रताळं? काहीच नाई? मंग हा कायचा उपास बे!" तिच्या घरी उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी, हे ती स्वतःच सांगायची आणि डब्यातली खिचडी माझ्यासमोर चवीने खायची. संध्याकाळी प्रार्थना झाली की आई ज्वारीच्या कण्या ताकात कालवून वाढायची, वर लसणाची फोडणी आणि कडेला लाल मिरचीची चटणी. पुढे बऱ्याच ठिकाणी बरंच काही खाल्लं. पण दिवसभराच्या उपासानंतरच्या त्या पहिल्या घासाची सर कशालाच आली नाही.

दादा वीज मंडळात लाईनमन म्हणून लागला आणि त्याची नेमणूक डोणगावला झाली. तिथे कमल नावाच्या बौद्ध कुटुंबातल्या मुलीशी त्याचं जमलं, आणि मेहकरला जाऊन दोघांनी नोंदणीने लग्न केलं. आम्हाला कळलं ते सगळं झाल्यावर. दादा एकटाच धाडला आला, ओट्यावर उभा राहिला आणि सांगितलं. बाबा आवाज चढवणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "देवासमोर न केलेल्या लग्नाला या घरात जागा नाही. ती विश्वासात येईपर्यंत तू या दारात येऊ नकोस." दादा म्हणाला, "तिला विश्वासात आणा म्हणता, तर आधी घरात आणू द्या." बाबा आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दादा थोडा वेळ बाहेर उभा होता. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे पाहत होती. मग तो स्टँडकडे निघून गेला.

तेव्हापासून शुक्रवारच्या उपासाला विषय मिळाला. बाबांनी मंडळीत उभं राहून विनंती केली की माझा मुलगा भटकला आहे, त्याच्या परत येण्यासाठी सर्वांनी प्रार्थना करावी. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर चटया अंथरल्या जायच्या, आठदहा माणसं जमायची, कोणी पेटी आणायचं. गाणं झालं की बाबा प्रार्थना करायचे, आणि ती दर आठवड्याला लांबत चालली होती. हरवलेलं मेंढरू घरी आण, त्याच्या डोळ्यांवरची झापड काढ, आम्ही तुझ्यासमोर उपाशी बसलो आहोत, आमची दया कर. त्यांचा आवाज शेवटी घोगरा व्हायचा. ते मनापासून रडत होते. बाबा ढोंग करत होते असं कृपा करून समजू नका. त्यांचं वजन उतरलं होतं, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. दादा परत यावा हे त्यांना खरोखरच हवं होतं. फक्त कसं यावं, कोणासोबत यावं आणि आल्यावर काय कबूल करावं, हे सगळं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

अशाच एका शुक्रवारी आई मागच्या अंगणात कुरडयांचा गहू धूत होती. त्या उन्हाळ्यात ती दरवर्षीपेक्षा जास्त कुरडया घालणार होती, का ते कोणी विचारत नव्हतं. मी तिला म्हटलं, "आई, किती शुक्रवार झाले म्हणजे देव दादाला आणेल?" ती म्हणाली, "मला काय माहीत?" मी म्हटलं, "मग तू उपासात काय मागतेस?" तिने पाणी ओतून टाकलं, दुसरं घेतलं आणि म्हणाली, "मी मागत नाही गं काही. दुपारी भूक लागते ना, तेव्हा दान्या जेवला असेल का, काय जेवला असेल, ती पोरगी त्याला काय करून घालत असेल, हे आठवतं. पोट भरलेलं असलं की एवढं आठवत नाही. तेवढ्यासाठीच धरते." मला हे उत्तर फार कमी वाटलं. बाबांच्या लांब प्रार्थनेपुढे तर अगदीच कमी.

मग एके दिवशी बाबा बुलढाण्याहून कामं आटोपून येत होते. धाडच्या स्टँडवर उतरताना बसच्या कंडक्टरने, तो बाबांचाच जुना विद्यार्थी होता, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "गुरुजी, पेढे कुठं आहेत? आजोबा होऊन राह्यले म्हणे तुम्ही! डोणगावच्या लाईनमनच्या घरी पाव्हणा येऊन राह्यला!" बाबा घरी आले, पाय धुतले, आईला काहीच बोलले नाहीत. आम्हाला ते कळलं यमूच्या आईकडून. आई खांबाला धरून खाली बसली आणि हसायला लागली, मग तिने पदर डोळ्यांना लावला. त्या शुक्रवारी बाबांनी ओट्यावर जाहीर केलं की यापुढे बुधवारीही उपास धरायचा, आणि प्रार्थनेला डोळे मिटले. प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि लोक चपला शोधायला लागणार तोच आत्या बोलली.

"यशवंत," ती म्हणाली, "हा उपास नाई. हे उपोषण व्हय."

कोणीतरी खाकरलं. बाबा म्हणाले, "ताई, प्रार्थनेच्या जागी थट्टा नको."

"थट्टा नाई करून राह्यली मी. तहसीलीपुढं मंडप टाकून बसतात ना लोक, मागण्या मान्य करा म्हनून? तसा तू देवापुढं बसला. आधी एक दिवस बसला, आता दोन दिवस बसतो म्हनतो. देव काय तहसीलदार व्हय, घाबराले? अन् मेंढरू काऊन हरवलं म्हनतो? ते डोनगावात खांबावर चढून राह्यलं, सगळ्या गावाले पत्ता माहीत आहे. दार तू लावलं. कडी तुह्या बाजूनं आहे. देवानं काय भिंत फोडून यावं?"

पेटीवाले काका पेटीचा भाता उगाच दाबून पाहत होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ते आत गेले. त्या आठवड्यात ते आत्याशी एक शब्द बोलले नाहीत. आत्याही हटली नाही. जेवायला बसली की छपराकडे पाहून म्हणायची, "देवबापा, मीठ दे म्हनावं कोनाले तरी."

गुरुवारी संध्याकाळी बाबा ओट्यावरून आत आले आणि आईला म्हणाले, "उद्या डोणगावला जाऊन येऊ. मी रजा टाकली आहे." आई पीठ चाळत होती, चाळणी तिच्या हातात तशीच राहिली. आत्या खाटेवरून म्हणाली, "उद्या? उद्या तं शुक्रवार."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "उपासाच्या दिवशीच जायचं. माणूस नरम असतो."

"हाव," आत्या म्हणाली, "अन् तिच्या हातचं जेवाचंही काम नाई. पानी प्याचं अन् उठाचं. बरं जमवलं बाप्पा."

 बाबांनी मुद्दाम शुक्रवार निवडला होता का, हे मला आजही माहीत नाही. पुढे मोठी झाल्यावर एकदा विचारावं असं मनात होतं, पण धीर झाला नाही. मला वाटतं, त्यांनाही ते नक्की माहीत नसावं. देवाचं नाव घेऊन आपण जे करतो त्यात आपली सोय किती असते हे आपल्याला दिसत नाही. ते दिसावं म्हणूनच कदाचित उपास असेल. पण मी पुढचं आधी सांगते आहे.

धाडहून चिखली, चिखलीहून मेहकर, तिथून डोणगाव. ऊन मी म्हणत होतं. आईच्या मांडीवर पिशवी होती, तीत कुरडया, लिंबाचं लोणचं आणि डिंकाचे लाडू. लाडू तिने कधी केले ते मलाही कळलं नव्हतं. बाबांनी पांढरा सदरा घातला होता आणि खिडकीबाहेर पाहत ते ओठ हलवत होते. मेहकरच्या स्टँडवर मला केळी घेऊन दिली. त्या दोघांनी घोटभर पाणी घेतलं. डोणगावला उतरल्यावर लाईनमनचं घर विचारलं तर चहावाल्याने आधी आमच्याकडे आणि मग बाबांच्या कानांकडे पाहिलं. आमच्या घरात बाबांचे आणि दादाचे कान सारखे, बाहेर आलेले. तो म्हणाला, "दानिएलभाऊचे वडील व्हय तुम्ही! निळ्या दाराचं घर, शेवटाले."

वहिनी दारातच सुपात डाळ निवडत बसली होती. तिनेही ते कान ओळखले असावेत, कारण कोणी काही बोलायच्या आत ती सूप ठेवून उठली. महिने भरत आले होते, उठताना तिने चौकटीचा आधार घेतला. ती पाया पडायला वाकली तशी आईने तिला दंडाला धरून वर उचललं आणि धरलेले दंड सोडलेच नाहीत. दोघी तशाच उभ्या. घर एकाच खोलीचं, मागे छोटं स्वयंपाकघर. भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याच खालच्या फळीवर दादाचं गाण्यांचं पुस्तक. बाबांनी दोन्ही पाहिलं आणि खुर्चीवर बसले. वहिनीने पाणी आणलं, बाबा ते पूर्ण प्यायले. दादा लाईनवर गेला होता, जेवायच्या वेळेला येईल म्हणाली. बाळंतपणासाठी तिची आई येऊन राहिली होती, ती आतून हात पुसत आली. काळीसावळी, ठेंगणी, बोलकी बाई. "या गुरुजी, या. पोराच्या तोंडून लय ऐकलं तुमचं. बसा, मी पाच मिनटात करते." आणि आत गेली. लगेच स्टोव्हचा फरफराट, मग बेसन घोटल्याचा आवाज, मग कांदा-खोबरं भाजल्याचा वास. पाटवड्यांचा रस्सा चालला होता. शुक्रवारच्या दुपारी तो वास माझ्या पोटात असा शिरला की मी घटकेघटकेने गिळत होते. बाबा भिंतीकडे पाहत होते.

वहिनीने चादर अंथरली, ताटं मांडली. वहिनीची आई वाढायला आली. तेव्हा बाबा हात जोडून म्हणाले, "आमचा दोघांचा आज उपास आहे. या पोरीला वाढा."

त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. पण त्या खोलीत ते शब्द वेगळेच ऐकू आले. वहिनीचा चेहरा एकदम पडला. तिने स्वतःच्या आईकडे पाहिलं. तिची आई मात्र रागावली नाही, तिला त्यात नवल वाटलेलंही दिसलं नाही. उलट हे व्हायचंच होतं अशा आवाजात, अगदी आदराने, ती म्हणाली, "असू द्या गुरुजी. आमच्या घरचं चालत नसंल तुम्हाले. मी शिधा बांधून देते, पीठ, डाळ, गूळ. घरी जाऊन करून घ्या."

तुम्हाला शिधा म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्याला आपल्या घरचं शिजवलेलं चालत नाही, अशा मोठ्या माणसाला आपल्या दारातून रिकामं पाठवायचं नाही, म्हणून कोरडं धान्य देतात. देणारा हात जोडून देतो आणि आपला अपमान स्वतःच मुकाट्याने गिळतो. आमचे पणजोबा आणि कमल वहिनीचे पणजोबा एकाच प्रकारच्या वस्तीतले होते, गावाबाहेरच्या. बाबांचे वडील प्रचारक होऊन गावोगाव फिरले तेव्हा लोक त्यांना वरून पाणी ओतायचे, आणि लहानगे बाबा त्यांच्यासोबत ओंजळ धरून उभे असायचे. ते बाबा आता त्या घरात खुर्चीवर बसले होते, पांढरा सदरा घालून, आणि एक बाई त्यांना शिधा देऊ करत होती.

मी बाबांकडे पाहत होते.  आई हललीही नाही. स्टोव्ह अजून चालूच होता, तो बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. बाबा जर आता उठले असते, नम्रपणे, हात जोडून, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. उपास खराच होता. पण मग दादाच्या घरी आमच्यापैकी कोणी परत कधी गेलं नसतं, आणि येणारं मूल आमचं झालं नसतं, हे मला त्या वयातही कळत होतं.

बाबा खुर्चीवरून उतरले आणि चादरीवर मांडी घालून बसले. "बाई, शिधा राहू द्या," ते म्हणाले. "ताट वाढा."

वहिनी म्हणाली, "पण गुरुजी, तुमचा उपास..."

"उपास उद्याही धरता येतो. वाढ पोरी."

तेवढ्यात आई म्हणाली, "मलाही वाढ गं. मला तर सकाळपासून भूक लागली आहे," आणि वहिनी रडता रडता हसली.

बाबांनी ताटावर हात धरून डोळे मिटले. घरी त्यांची जेवणाआधीची प्रार्थना एवढी चालायची की भाकरी निवून जायची. इथे ते म्हणाले, "बापा, या घरातल्या अन्नाबद्दल..." आणि पुढे शब्दच आले नाहीत.  शेवटी आईने आमेन म्हटलं. वहिनीच्या आईनेही हात जोडले होते. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. रस्सा जहाल होता. दोन घासांत त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अवो कमल, दही दे गुरुजीले! रडून राह्यले ते."

"तिखटानं," बाबा म्हणाले.

"हाव, तिखटानंच," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या ताटात आणखी दोन पाटवड्या टाकल्या.

तेवढ्यात दादा आला. खांद्यावर दोर, कमरेला पक्कड, घामाने भिजलेला. दारात येऊन त्याने खाली पाहिलं. त्याचे बाबा, शुक्रवारच्या भर दुपारी, त्याच्या घरात, बोटं रश्शाने माखलेली. त्याला आत यावं की तिथेच थांबावं कळेना. बाबांनी मान वर केली. इतक्या महिन्यांच्या लांबलचक प्रार्थनांनंतर दादाला म्हणायला त्यांच्याकडे एवढंच होतं, "हात धू. गार होऊन राह्यलं." बाबांच्या तोंडून वऱ्हाडी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. दादा हात धुऊन आला आणि त्यांच्या शेजारी बसला. माफी कोणी मागितली नाही. थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "खांबावर चढताना हातमोजे घालतोस ना?" दादा म्हणाला, "घालतो." मग दोघंही जेवत राहिले.

जेवणं झाल्यावर वहिनीच्या आईने बाबांना विचारलं, तुमचा उपास कसा असतो. बाबांनी सांगितलं. ती म्हणाली, "आमीबी पौर्निमेले धरतो. दुपारनंतर जेवत नाई."

"त्या दिवशी काय मागता?"

"मागाचं काय त्यात? तोंड सांभाळाचं असते. कोनाले वाकडं बोलाचं नाई. मले उपाशी राहनं जमते, थेच जमत नाई." सगळे हसले. बाबांना मी कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं.

दिवस कलताना घरी पोहोचलो. आत्याने उपास सोडायला कण्या शिजवून ठेवल्या होत्या. बाबा म्हणाले, "मी जेवून आलो." आत्याने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल.

"काय होतं?" तिने विचारलं.

"पाटवडी."

"तिखट?"

"लय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने उपास सोडायला घेतलेला तांब्या खाली ठेवून देवबापाला हाक मारली. 

पुढच्या रविवारी बाबा मंडळीसमोर उभे राहिले. म्हणाले, "मुलाच्या परत येण्यासाठी मी तुम्हाला प्रार्थना करायला सांगत होतो. मुलगा जागेवरच होता. आता माझ्यासाठी करा." सगळ्यांना हे रुचलं नाही. वहिनीला तिच्या धर्मासकट घरात घेतलं म्हणून काही घरं आमच्याकडे यायची थांबली, आणि काही काळ उपासना दुसऱ्याने चालवली. तेव्हा बाबा मागच्या चटईवर बसायचे आणि गाणी सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. वहिनीचा बाप्तिस्मा झाला नाही, बाबांनी तिला तसं कधी सुचवलं नाही. तिच्या मुलीला त्यांनी रुळाची घंटा वाजवायला शिकवलं. शुक्रवारचा उपास त्यांनी सोडला नाही. पण ओट्यावरच्या प्रार्थना आखूड झाल्या, आणि त्या दिवशी दुपारी ते छत्री घेऊन कुठेतरी जायचे. कधी आजारी माणसाकडे, कधी ज्याच्याशी बोलणं तुटलं होतं त्याच्याकडे. माणूस रिकाम्या पोटी नरम असतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. फक्त नरम व्हायचं होतं ते त्यांनाच.

जोएल, नोकरीसाठी प्रार्थना जरूर कर. बापाकडे मागायला लाज कसली. पण उपास म्हणजे अर्जावर चिकटवायचं तिकीट नाही, की लावलं म्हणजे अर्ज पुढे सरकतो. देव तुझ्या भुकेने वाकणार नाही, आणि तुझी भूक पाहून त्याला आनंदही होत नाही. भूक लागली की कोण आठवतं ते पाहा. कोणाच्या दाराला तू आतून कडी लावली आहेस ते पाहा. प्रार्थना करताना शब्द संपले तर घाबरू नकोस. माझ्या बाबांची आयुष्यातली सगळ्यांत चांगली प्रार्थना अर्धवट राहिली होती. आणि नोकरी मिळेल. आज नाही तर पुढे. मला त्याची काळजी वाटत नाही.

बाबा, आई, आत्या आता नाहीत, दादाही गेला. धाडच्या त्या तीन खोल्याही पाडल्या. कमल वहिनी डोणगावात आहे, थकली आहे पण बोलते स्पष्ट, आणि तिची नातवंडं मला आजी म्हणतात. आमच्या घरात शुक्रवारचा उपास अजून आहे. त्या दिवशी कोणी प्रेमाने ताट पुढे केलं तर बसून जेवायचं, हा नियमही आहे.